ग्रँड कॅन्यनला आई-बाबांना नेताना: विल्यम्समधली जुनी मोटेलं

ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमला, म्हणजे दरीच्या दक्षिण कड्याला, वयस्कर माणसांना घेऊन जायचं असेल आणि निव्वळ रात्रीच्या झोपेसाठी पैसे उधळायचे नसतील, तर मुक्काम तासाभरावरच्या विल्यम्स गावात करा. तिथेही रूट ६६ या जुन्या महामार्गावरच्या जुन्या, एकमजली मोटेलांपैकी (मोटारीने येणाऱ्यांसाठीची साधी हॉटेलं) एखादं निवडा. हे माझं ठाम मत आहे. आम्ही ॲरिझोनात, फिनिक्सजवळ चँडलरला राहतो, त्यामुळे भारतातून कुणीही आलं की कॅन्यनची फेरी ठरलेलीच. आई-बाबा, सासूबाई, मावशी-काका, नवऱ्याच्या मित्राचे आईवडील, सगळ्यांना घेऊन टुसायान, फ्लॅगस्टाफ, विल्यम्स अशा तिन्ही ठिकाणी राहून झालंय. आता मी दुसरीकडे बघतसुद्धा नाही.

टुसायान ही साउथ रिमच्या अगदी दाराशी असलेली छोटी वस्ती. तिथून कडा दहा-पंधरा मिनिटांवर आहे. सोय उत्तम, पण हॉटेलं मोजकी आणि गिऱ्हाईक कायम उभं, त्यामुळे उन्हाळ्यात साध्यासुध्या खोलीचाही भाव असा असतो की आईने रुपयांत हिशेब करून "एवढ्यात आपली अख्खी कोकण ट्रिप होते गं" म्हटलं आणि मला काही बोलता आलं नाही. उद्यानाच्या आत लॉज आहेत, १९०५ सालचं एल तोवार आहे, ब्राइट एंजल आहे. तिथे खोली मिळाली तर प्रश्नच मिटला. पण ते बुकिंग तेरा महिने आधी उघडतं आणि आपल्याकडे व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत त्या खोल्या संपलेल्या असतात.

फ्लॅगस्टाफ मोठं आहे, तिथे विद्यापीठ आहे, दुकानं-हॉटेलं भरपूर. पण तिथून कडा साधारण ऐंशी मैल, म्हणजे दीड तास. शिवाय तिथली स्वस्त मोटेलं बरीचशी जुन्या रूट ६६ वर आहेत आणि त्या रस्त्याला खेटून बीएनएसएफ या रेल्वे कंपनीचा मुख्य लोहमार्ग जातो. लांबच लांब मालगाड्या दिवसरात्र धडधडत असतात. ज्याची झोप हलकी आहे त्याला तिथे ठेवू नका. विल्यम्समधूनही पूर्वी हाच मार्ग जायचा, पण १९६० मध्ये तो गावाच्या उत्तरेकडून वळवला. आता गावात अधूनमधून एखादी गाडी येते, रात्र बऱ्यापैकी शांत जाते. जेट लॅगने आधीच झोपेचं खोबरं झालेल्या माणसांसाठी ही शांतता फार मोलाची आहे.

विल्यम्स म्हणजे तीन-साडेतीन हजार वस्तीचं गाव. फिनिक्सहून आय-१७ महामार्गाने वर फ्लॅगस्टाफ, तिथून आय-४० ने पश्चिमेला तीसेक मैल, एकूण तीन तासांच्या आत-बाहेर. लास वेगासहून येणाऱ्यांना सव्वातीन-साडेतीन तास लागतात. गावातून ६४ नंबरचा रस्ता सरळ उत्तरेला कॅन्यनकडे जातो, साठेक मैल, एक तास. गावाची उंची पावणेसात हजार फुटांच्या आसपास, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही हजार-तेराशे फूट वर. फिनिक्सच्या भट्टीतून निघालेल्या माणसाला ते खरं वाटत नाही. जूनमध्येसुद्धा रात्री स्वेटर लागतो, म्हणून कानटोप्या आणि शाली डिकीत न ठेवता हाताशी ठेवा.

या गावात एवढी जुनी मोटेलं का, हे कळलं की निवड सोपी होते. शिकागोहून लॉस एंजेलिसकडे जाणारा रूट ६६ हा १९२६ सालचा रस्ता गावाच्या मधून जायचा आणि त्याच्यावर धावणाऱ्या मोटारींसाठी इथे मोटेलं उभी राहिली. १३ ऑक्टोबर १९८४ ला आय-४० ने गावाला वळसा घातला. रूट ६६ वरचं महामार्गाने बाजूला टाकलेलं हे शेवटचं गाव. पुढच्याच वर्षी रूट ६६ अधिकृत महामार्गांच्या यादीतून गेला. मग १९८९ मध्ये विल्यम्स ते कॅन्यन ही बंद पडलेली रेल्वे पुन्हा सुरू झाली आणि माणसांचा राबता परत आला. त्यामुळे आता गावात दोन प्रकारच्या जागा दिसतात. आय-४० च्या एक्झिटांपाशी साखळी हॉटेलं, दोन-तीन मजली, मधून बोळ, लिफ्ट, सकाळचा नाश्ता. आणि गावातल्या रूट ६६ वर जुनी मोटेलं, एका ओळीत किंवा इंग्रजी एल अक्षरासारखी बांधलेली, एकमजली, प्रत्येक खोलीच्या दारासमोर गाडी लावायची जागा.

ही दारासमोरची गाडी म्हणजेच या मोटेलांचं सगळ्यात मोठं सुख आहे. बाबांचे गुडघे गेलेले. साखळी हॉटेलात पार्किंगमधून लॉबी, लॉबीतून लिफ्ट, लिफ्टमधून लांबलचक बोळ, त्याच्या टोकाला आपली खोली. औषधांची पिशवी गाडीत राहिली की पुन्हा तेवढीच पायपीट. मोटेलात गाडीचं दार उघडलं, चार पावलं टाकली, खोली आली. आई रात्री गाडीतून ब्लँकेट स्वतः घेऊन आली, तेही स्लीपर घालून. सकाळी बाबा दाराबाहेरच्या खुर्चीत चहा घेऊन बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत राहिले. बाबा एसटीतून निवृत्त झालेले, कराड आगारात वाहतूक नियंत्रक होते. माणसं कुठून आली, कुठे चालली, हे विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मिशिगनचा एक ट्रक ड्रायव्हर, मोटारसायकलवर निघालेलं एक जर्मन जोडपं, अशा सगळ्यांची त्यांनी चौकशी केली. अमेरिकेत आल्यापासून आमच्या सोसायटीत कुणी त्यांच्याशी एवढं बोललं नव्हतं. त्या खुर्चीसाठी मी त्या मोटेलाला एक तारा जास्त देईन.

मात्र खोली निवडताना डोळे उघडे ठेवावे लागतात आणि त्यात पहिली गोष्ट म्हणजे मजला. सगळीच मोटेलं एकमजली नाहीत. काही दुमजली आहेत, बाहेरून लोखंडी किंवा काँक्रीटचा जिना, लिफ्ट नाही. एकदा एका बुकिंग साइटवरून खोली घेतली होती. 'ग्राउंड फ्लोअर' अशी विनंती लिहिली होती, तसा निरोपही आला होता. रात्री उशिरा पोहोचलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, खाली एकही खोली नाही, आणि साइटवरून आलेल्या विनंतीची जबाबदारी आमची नाही. बाबा रेलिंग धरून, एकेका पायरीवर थांबत वर चढले. मला अजूनही त्याचा राग येतो. साइटवर लिहिलेली विनंती ही फक्त विनंती असते, ती पाळायला कुणी बांधील नसतं. म्हणून आता साइटवर भाव बघते आणि मग थेट मोटेलाला फोन करते. "माझे वडील पंचाहत्तरीचे आहेत, जिना चढू शकत नाहीत, खालच्या खोलीचा नंबर आत्ताच माझ्या नावावर टाका" असं स्पष्ट सांगते. बहुतेक वेळा भाव साइटइतकाच मिळतो, कधी पाच-दहा डॉलर कमीही होतात, कारण त्यांचं साइटला द्यायचं कमिशन वाचतं. ट्रिपल-ए या मोटारवाल्यांच्या संघटनेचं सदस्यत्व असेल तर तेही तेव्हाच सांगा.

दुसरी गोष्ट न्हाणीघर. याबद्दल कुणी बोलत नाही आणि घरातली माणसं पडतात मात्र तिथेच. जुन्या मोटेलांत बाथटब असतो, त्याची कड गुडघ्याएवढी उंच, आणि आंघोळीला त्यात चढून उभं राहावं लागतं. ओल्या, गुळगुळीत टबातून बाहेर पाय टाकताना सासूबाईंचा तोल गेला होता, मी शेजारी उभी होते म्हणून निभावलं. फोनवर विचारा: टब न ओलांडता आत जाता येईल असा शॉवर आहे का, भिंतीला धरायला दांडी आहे का. अशा एक-दोन खोल्या बऱ्याच ठिकाणी असतात, पण विचारल्याशिवाय मिळत नाहीत. नसेलच तर टबात अंथरायची रबरी चटई घरून न्या. गुंडाळून पिशवीत मावते. आणि प्लास्टिकचा एक मोठा मग नक्की न्या. इथे संडासात जेट नसतो, बादली नसते. आपल्या आईवडिलांना ते अवघड जातं आणि संकोचाने ते बोलतही नाहीत.

खोलीत सामान नेण्याआधी मी एकटी आत जाते आणि ढेकूण बघते. चादर कोपऱ्यातून उचलायची, गादीची शिवण फोनच्या उजेडात बघायची, पलंगाच्या डोक्याशी असलेल्या फळीमागे नजर टाकायची. काळे ठिपके किंवा रक्ताचे डाग दिसले की सरळ दुसरी खोली मागायची. महाग हॉटेलांतही ढेकूण निघतात, म्हणून हे भावावर जात नाही. पाहणी होईपर्यंत बॅगा गाडीतच राहू द्या. वासाचंही तेच. 'नॉन स्मोकिंग' लिहिलेल्या खोलीत जुना सिगारेटचा वास मुरलेला असू शकतो आणि कुत्र्यांना परवानगी असलेल्या खोल्यांत गालिच्याला वास येतो. पैसे देण्याआधी खोली दाखवा म्हटलं की चांगला मालक किल्ली हातात देतो. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे राहू नका.

हीटर चालवून बघा. जुन्या मोटेलांत तो खिडकीखाली किंवा भिंतीत असतो, काही जागी सुरू झाला की एवढा आवाज करतो की शेजारच्या पलंगावरचं माणूस दचकून उठतं. तो हवाही फार कोरडी करतो. आधीच वाळवंटातलं राज्य, त्यात ही उंची. पहिल्या रात्री बाबांच्या नाकातून रक्त आलं आणि आई घाबरून गेली. आता मी टॉवेल ओला करून खुर्चीवर पसरते, नाकात रात्री थोडं खोबरेल लावायला देते आणि सगळ्यांना दिवसभर पाणी पाजत राहते. रक्तदाबाच्या किंवा दम्याच्या माणसाला आल्या दिवशी कड्यावर फार चालवू नका. साउथ रिम विल्यम्सपेक्षाही थोडा उंच, सात हजार फुटांच्या आसपास आहे.

खाण्याची व्यवस्था. साखळी हॉटेलांत नाश्ता फुकट असतो म्हणून लोक तिकडे ओढले जातात. पण आईसारख्या शाकाहारी बाईला त्यातलं उपयोगी पडतं ते केळं, दही आणि टोस्ट. यंत्रात ओतायच्या वॉफलच्या पिठातही सहसा अंडं असतं आणि ते तिला चालत नाही. मोटेलाच्या खोलीत साधारणपणे छोटा फ्रिज आणि मायक्रोवेव्ह असतो, एवढ्यावर आपलं भागतं. मी घरून विजेची किटली, चहा पावडर, साखर, मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी आणि उपमा-पोह्याची तयार पाकिटं नेते. खोलीत फोडणी द्यायच्या भानगडीत पडू नका. धुराचा भोंगा वाजतो, वास पडद्यांत मुरतो आणि साफसफाईचा दंड लागतो तो वेगळाच. गावात रूट ६६ वर सेफवे आहे, तिथे दूध, दही, फळं, ब्रेड सगळं मिळतं. मेक्सिकन ठिकाणी बीन बरिटो मागवताना बीन्समध्ये चरबी आणि भातात चिकनचं पाणी आहे का, हे दोन्ही विचारा. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटल्याने या गोष्टी कळत नाहीत.

आता मालकांबद्दल, कारण स्वस्त मोटेलाची सगळी गुणवत्ता तिथे ठरते. अमेरिकेतली छोटी मोटेलं मोठ्या प्रमाणावर गुजराती कुटुंबांच्या हातात आहेत. १९८९ मध्ये या भारतीय हॉटेलवाल्यांनी स्वतःची संघटनाही काढली, कारण बँका आणि विमा कंपन्या त्यांना दाराशी उभं करत नव्हत्या. आम्ही ज्या मोटेलात परत परत जातो तिथे मालकीणबाईंचं माहेर नंदुरबारचं. आईने साडी नेसलेली बघून त्या काउंटरमागून "या, या, बसा" म्हणाल्या आणि आईचा चेहरा असा खुलला की मला बरं वाटलं. त्या स्वतः पहाटे चादरी धुवायला टाकतात, नवरा खोल्यांचे नळ-हीटर बघतो, मुलगी शाळेतून आली की काउंटरवर बसते. कुटुंब जागेवरच राहतं म्हणून रात्री अकराला गरम पाणी आलं नाही तरी माणूस दारात येतो. आईने विचारल्यावर त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरातून वाटीभर विरजण दिलं. हे कुठल्या सोयींच्या यादीत लिहिलेलं नसतं. गादी जुनी आहे, टीव्ही लहान आहे, टॉवेल पातळ आहेत, हे मी तुम्हाला आधीच सांगते. पण चादरी कडक स्वच्छ असतात आणि संडास चकचकीत. म्हाताऱ्या माणसांना याहून वेगळं काही लागत नाही.

भावाचं म्हणाल तर माझ्या अनुभवात जानेवारी-फेब्रुवारीत, आठवड्याच्या मधल्या वारी, अशी खोली ६०-७० डॉलरला मिळते. तीच जूनमध्ये १२०-१३० च्या घरात जाते आणि शनिवारी-रविवारी त्याहूनही वर. दोन मोठे पलंग असलेल्या खोलीत चौघांचं आरामात होतं. यावर कर वेगळा, शंभर डॉलरमागे दहाहून जास्त धरा. १२ मे २०२५ पासून इथे नियम आला आहे की सक्तीची 'रिसॉर्ट फी' वगैरे जे काही असेल ते जाहिरातीतल्या भावातच मिळवून दाखवायचं. सरकारी कर मात्र अजूनही शेवटच्या पानावर जोडता येतो, म्हणून दोन ठिकाणांची तुलना शेवटचा आकडा बघूनच करा. २०२६ हे रूट ६६ चं शंभरावं वर्ष, तेव्हा या वर्षी मे ते ऑक्टोबरची खोली बरीच आधी धरून ठेवा, पण रद्द करता येईल अशीच घ्या. आपल्याकडची माणसं आजारी पडतात, विमानं चुकतात.

खोलीत वाचवलेले पैसे कुठे जाणार तेही सांगते. १ जानेवारी २०२६ पासून ग्रँड कॅन्यनसह ११ मोठ्या राष्ट्रीय उद्यानांत, अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक पाहुण्याला, वार्षिक पास नसेल तर, नेहमीच्या प्रवेश फीव्यतिरिक्त १०० डॉलर भरावे लागतात. म्हणजे आई-बाबांचे दोनशे. त्यांच्यासाठीचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. झायन आणि ब्राइसही याच यादीत आहेत, तेव्हा तीही ठिकाणं करणार असाल तर पासच परवडतो. मुलाने-सुनेने आधी हिशेब करून ठेवावा, गेटवर उभं राहून आई-बाबांसमोर ही चर्चा नको. आपल्यामुळे एवढा खर्च होतोय हे कळलं की ते आतून हिरमुसतात आणि मग समोर कॅन्यन असूनही त्यांचं मन लागत नाही.

गाडी चालवायची नसेल तर विल्यम्सच्या स्टेशनवरून कॅन्यनची रेल्वे पकडा. पहिली गाडी १७ सप्टेंबर १९०१ ला धावली होती. ६५ मैलांच्या प्रवासाला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. गाडीने जाण्यापेक्षा हे महाग पडतं आणि कड्यावर तीन-चार तासच मिळतात, सूर्योदय-सूर्यास्त दोन्ही हुकतात. तरी बाबांनी पूर्ण प्रवास खिडकीपाशी बसून, घड्याळ बघत, वेळापत्रक पडताळत केला आणि घरी गेल्यावर सगळ्यांना आधी रेल्वेचंच सांगितलं. गावातली बहुतेक मोटेलं स्टेशनपासून एक-दोन मैलांच्या आत आहेत. ज्याला एवढं चालणं जमत नाही त्याला गाडीने सोडून या.

सूर्यास्त बघायचाच असेल, आणि बघावाच, तर स्वतःच्या गाडीने जा आणि परतीचा तासाचा रस्ता दीड तासाचा धरा. ६४ नंबरवर अंधार पडल्यावर एल्क रस्त्यात उभे असतात, घोड्याएवढं जनावर, दिव्यांच्या उजेडात अगदी जवळ आल्यावरच दिसतं. हिवाळ्यात बर्फ असेल तर निघण्याआधी रस्ता उघडा आहे का ते राज्याच्या ५११ या रस्त्यांच्या माहितीच्या फोन नंबरवर बघा. गावातली बरीच रेस्टॉरंटं हिवाळ्यात लवकर बंद होतात, म्हणून रात्रीचं जेवण फ्रिजमध्ये तयार ठेवूनच कॅन्यनला निघा, आणि काउंटरवर सांगून ठेवा की आम्हाला उशीर होईल, आमच्या खोलीसमोरची जागा मोकळी ठेवा.